कारखानीसबाई आणि उस्तादांचा वस्तरा

"सबनीस, उद्या सकाळी दाढी करू नका. गाल लागणार आहे."

हा निरोप मला महिन्यातून एकदा तरी यायचा. नवख्या माणसाला घाम फुटला असता, पण मला सवय झाली होती. दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये आमची बिल्डिंग एकच, कारखानीसबाई सातव्या मजल्यावर आणि मी पाचव्या. कंपनीही एकच, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातला इलेक्ट्रिक पॅनल बनवायचा कारखाना. तिथे मी पर्चेसमध्ये आणि त्या क्वालिटीत. रोज त्यांच्या गाडीतून तासभर जायचं आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून दीड तास यायचं. जागेपणीचे माझे जास्त तास बायकोऐवजी कारखानीसबाईंच्या शेजारी गेले आहेत, आणि हे माझी बायकोच चारचौघांत सांगते.

बाईंना नाद होता जुन्या वस्तऱ्यांचा. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा तो, लांब पात्याचा, मुठीत मिटणारा. त्यात ब्लेड बदलायचं नसतं, पात्यालाच धार लावायची असते. असे गंजलेले, मोडक्या मुठीचे वस्तरे शोधून आणायचे आणि स्वतःच्या हातानं त्यांना पुन्हा दाढीला बसवायचं, हा पन्नाशीकडे झुकलेल्या, मिरजेच्या कारखानिसांच्या या सुनेचा छंद. अडचण एकच होती. वस्तरा जमला की नाही हे कळायला दाढी लागते, आणि ती त्यांना नव्हती.

खरं तर नवऱ्याचा गाल हक्काचा होता. पण पहिल्याच वस्तऱ्यानं अविनाशरावांच्या हनुवटीवर एक बारीक लाल रेघ उमटवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाढी वाढवायला घेतली. ती पुढे इतकी भरघोस झाली की ऑफिसातले लोक त्यांना काहीतरी दुःख झालंय असं समजू लागले. मग ही जबाबदारी दोन मजले उतरून माझ्याकडे आली.

वस्तरा मी धरायचा, त्यांच्या बेसिनच्या आरशासमोर. बाई दाराशी उभ्या. बघायच्या नाहीत, ऐकायच्या. धार नीट असली तर गालावरून जाताना वस्तऱ्याचा एकसारखा खर्रर्र आवाज येतो, म्हणे. मध्येच त्या म्हणायच्या, "आवाज फाटतोय. ठेवा खाली." खाली ठेवायचा म्हणजे बेसिनच्या कडेला. हातात द्यायचा नाही. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, ही त्यांच्या आईची शिकवण. "आपलं भांडण परवडायचं नाही सबनीस, दुसरा गाल कुठून आणू?" असं म्हणून त्या वस्तरा उचलायच्या, आणि मी अर्ध्या साबणानिशी पंधरा मिनिटं उभा असायचो.

हे सगळं सुरू झालं एका बागेतल्या जुन्या बाजारात. त्यांची मुलगी, ईशा, तिथे पुस्तकं बघत होती आणि बाईंना चमच्यांच्या डब्यात एक तपकिरी पट्टी दिसली. विकणाऱ्यालाही ती काय आहे हे माहीत नव्हतं. दहा दिरहॅम म्हणाला. "दहा दिरहॅम, म्हणजे सव्वादोनशे रुपये झाले," असं मोठ्यानं म्हणून बाईंनी ती आठ दिरहॅमना घेतली. घरी आल्यावर ईशा म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली अ वेपन." बाईंनी अंगठ्याचं पोट पात्यावर आडवं फिरवलं आणि म्हणाल्या, "आत पोलाद चांगलं आहे गं." त्या अंगठ्यावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

कंपनीत तो अंगठा आम्ही सगळे ओळखून होतो. एकदा तांब्याच्या पट्ट्यांची अख्खी खेप आली. ती मी घासाघीस करून मिळवलेली, आणि डिलिव्हरीची तारीख डोक्यावर. फोरमन हात झटकत म्हणाला, "मॅडम, खलास?" म्हणजे, झालं ना काम? बाईंनी एका पट्टीच्या कडेवरून अंगठा नेला, थांबल्या, पुन्हा नेला. "अभी नहीं खलास." कापताना कडेला राहिलेली कूस, धातूचं बारीक कुसळ, डोळ्यांना दिसत नव्हती. खेप परत गेली आणि मी रागानं लाल. गाडीत येताना शारजापर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो. महिन्याभरानं दुसऱ्या एका कंपनीत तसल्याच पट्टीनं केबल कापली जाऊन ठिणगी पडल्याचं कळलं, तेव्हा मी दोन समोसे नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्यानं दाबून पाहिले आणि गार आहेत म्हणाल्या.

वस्तऱ्याला त्या मशीन लावत नसत. आमच्या वर्कशॉपमध्ये उत्तम ग्राइंडर होता, पण बाईंचं म्हणणं, मशीननं पातं तापतं आणि तापलं की आतला कडकपणा जातो, मग वरून आरसा आणि आतून लोणी. त्यांच्या बाल्कनीला काचा लावून घेतल्या होत्या, तिथे एक टेबल आणि त्यावर तीन दगड, खरखरीत, मधला आणि मऊ. पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून हात न्यायचा, उलटवून परत आणायचा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, तिथे मात्र पाठ पुढे. या हातांची मोजदाद ठेवायची त्यांची रीत वेगळीच होती. त्या पाढे म्हणायच्या. दोनापासून तिसापर्यंत, एका ओळीला एक हात. म्हणजे दोनशे नव्वद हात झाले की एक फेरी. ओठ हलत राहायचे आणि मधूनच "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न" असं ऐकू यायचं. शेजारची केरळी बाई त्यांना फार मोठ्या भक्त समजायची.

या छंदाचा एकच खरा विरोधक होता, तो म्हणजे सासूबाई. माई दरवर्षी नवरात्राच्या आधी मिरजेहून यायच्या आणि दिवाळी करून जायच्या. जुन्या शाळामास्तरीण, आवाज खणखणीत. "न्हाव्याचं हत्यार घरात, आणि तेही बाईमाणसाच्या हातात," एवढं एकच वाक्य त्यांनी पहिल्या वर्षी म्हटलं आणि नंतर बाल्कनीत पाऊल टाकलं नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा नाही. बाईंनीही एकदाच उत्तर दिलं होतं, "माई, हत्यार कुणा एकाचं नसतं. ज्याला त्याची धार राखता येते त्याचं असतं." त्यानंतर दोघी स्वयंपाकघरात गोडीनं राहायच्या आणि बाल्कनीचं दार बंद असायचं. पाच वर्षं असं चाललं.

आता उस्तादांची गोष्ट. आमच्या कारखान्यामागच्या गल्लीत एक जेंट्स सलून होतं. त्याचे मालक उस्ताद करामत, पाकिस्तानी पंजाबातले, दाढी पांढरी, हात अजून स्थिर. मी केस कापायला तिथेच जायचो. माझ्या तोंडून बाईंच्या छंदाचा विषय निघाला तेव्हा ते हसले आणि ड्रॉवरच्या तळातून एक फडकं काढलं. आत त्यांच्या गुरूचा वस्तरा. चाळीस वर्षांपूर्वी तो घेऊन ते समुद्र ओलांडून आले. पुढे सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं, वस्तरा ड्रॉवरमध्ये गेला, आणि खाऱ्या हवेनं त्याला खाल्लं. धारेला मधोमध तांदळाएवढी कपची उडालेली. आता उस्ताद दुकान मुलाकडे सोपवून कायमचे गावी निघाले होते. नातवाचं लग्न होतं. त्यांच्या घराण्याची रीत अशी की नवरदेवाची दाढी उस्तादाच्या वस्तऱ्यानं करायची. त्यांची झाली होती, त्यांच्या मुलाची झाली होती. नातवाला ब्लेडनं भादरणार, याची त्यांना लाज वाटत होती.

बाई गल्लीत गाडी लावून उतरल्या. बायका जेंट्स सलूनमध्ये जात नाहीत, त्याची पाटी लावायचीही गरज नसते. उस्तादच बाहेर आले. बाईंनी पात्यावर अंगठा फिरवला.

"बीबीजी, लोहा सोया हो तो मैं ख़ुद जगा लेता," उस्ताद म्हणाले. "ये मर चुका है."

"तीन हफ़्ते दीजिए," बाई म्हणाल्या. "उठेगा, इन्शाल्ला."

उस्तादांचं विमान बरोबर तीन आठवड्यांनी, शनिवारी पहाटे होतं. मला गाडीत बसताच घाम फुटला, कारण शब्द बाईंनी दिला होता आणि ओळख माझी होती.

कपची घालवायची म्हणजे अख्खी धारच तेवढी मागे न्यायची. पातं अरुंद होतं, एका मर्यादेपलीकडे गेलं की ते वस्तऱ्याचं पातं राहत नाही. बाई पहाटे उठून ऑफिसच्या आधी चार फेऱ्या काढायच्या, संध्याकाळी आल्यावर चार. दोन आठवड्यांत ती कपची गेली. शिंगाच्या मुठीतली सैल खीळ त्यांनी बदलली. रविवारी केसाची परीक्षा झाली, लोंबता केस पात्यावर टेकवला आणि त्याचे आवाज न होता दोन झाले. चामड्यावरचे शेवटचे हात तेवढे राहिले होते. वस्तरा तेल लावून फडक्यात गुंडाळून त्यांनी बाल्कनीतल्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्या चक्क गुणगुणत होत्या.

सोमवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. इथे हत्यारं म्हणजे लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि स्वयंपाकघरातली सुरी. बाई आणि मी अर्थातच कामावर. संध्याकाळी प्रसादाला मीही त्यांच्याबरोबर वर गेलो. पाट मांडलेला होता, त्यावर लाल कापड, आणि लॅपटॉपच्या पुढे, मधोमध, उघडा वस्तरा.

माईंनी बाल्कनीत पाऊल टाकलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा. सून दोन आठवडे पहाटे उठून काय करते ते त्यांनी काचेतून पाहिलं होतं आणि त्यांच्या मनानं काहीतरी ठरवलं होतं. देवापुढे तेलकट वस्तू कशी ठेवायची, म्हणून त्यांनी वस्तरा साबणानं स्वच्छ धुतला. पात्याला ओलं गंध लावलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली, आणि वर पाण्यानं निथळता झेंडू ठेवला. सगळं धारेवर. मग हात जोडून त्या म्हणाल्या, "तुझंही हत्यार आहे, म्हटलं पूजा राहायला नको."

मला एवढंच कळत होतं की हे पोलाद गंजणारं आहे आणि बाहेर ऑक्टोबरची ती चिकट दमट हवा आहे. मी बाईंकडे पाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नसतं. पण बाईंनी नुसतं "माई, जरा पुसून घेते" म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. त्या पाटासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी वस्तऱ्याला नमस्कार केला, माईंना नमस्कार केला आणि आत पानं घ्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी मला सांगितलं, "रात्रभर मला माहीत होतं तिथे काय चाललंय." सकाळी कुंकू पुसलं तेव्हा धारेवर तीन काळे ठिपके होते, आणि ठिपक्यांखाली तीन खड्डे. मी चिडलो. स्पष्टच म्हणालो की तुम्ही चूक केलीत, एका म्हाताऱ्याच्या घरचं कार्य अडवून ठेवलंत. बाई म्हणाल्या, "सबनीस, धार मला परत आणता येते. माईंना पाटापासून उठवलं असतं तर ते परत आणता आलं नसतं." मला तेव्हा ते पटलं नाही, हे कबूल करतो.

मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस. पुन्हा खरखरीत दगडापासून. अविनाशरावांनी ग्राइंडरचा विषय काढून पाहिला आणि बाईंच्या नजरेनंच तो मिटवला. बुधवारी संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा बाईंचं मनगट सुजलं होतं. हात चालत होता, पण पाढे चुकत होते. सतराच्या पाढ्यात दोनदा अडकल्या आणि पुन्हा दोनापासून सुरू केलं. ईशाला आईचे हाल बघवेनात. ती आजीकडे वळून म्हणाली, "आजी, द कुंकू रस्टेड इट. दॅट्स व्हाय शी हॅज टु डू इट ऑल अगेन." बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले, पण बोलून झालं होतं.

माईंचा चेहरा मला अजून दिसतो. त्या उठल्या, खुर्ची ओढत बाल्कनीत नेली, सुनेच्या समोर ठेवून बसल्या आणि त्यांनी घसा साफ केला.

"तू मोजू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसता हात चालव. पाढे मी म्हणते."

आणि त्या म्हणू लागल्या. शाळामास्तरणीचा तो आवाज, चाळीस वर्षं मिरजेच्या पोरांकडून पाढे घोटून घेतलेला. सव्वीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर. एक ओळ, एक हात. तिसाचा संपला की पुन्हा दोनाचा, आणि मध्ये पाणी पिण्याइतकीच विश्रांती. बाईंचे ओठ मिटले आणि हात सरळ झाला. त्या ठेक्यात मी इतका रमलो की खाली जेवायला बोलावणं आलं तरी उठवेना. गुरुवारी पहाटे त्या दोघी तशाच बसल्या होत्या, असं अविनाशराव सांगत होते. गुरुवारी संध्याकाळी मऊ दगडावरची शेवटची फेरी संपली. बाई केस उपटायला वेणीकडे हात नेणार, तोच माईंनी स्वतःचा एक केस काढला. पांढरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. "माझा घे. याला कापलं तर खरं."

केस पात्यावर टेकला आणि खाली काहीच लोंबत नव्हतं. अर्धा केस फरशीवर कुठे पडला तेही दिसलं नाही. ईशा ओरडली, अविनाशरावांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला, आणि बाई एवढंच म्हणाल्या, "अजून खलास नाही. उस्ताद सांगतील तेव्हा."

शुक्रवारी दुपारी आम्ही सलूनसमोर गाडी लावली. माई हट्टानं बरोबर आल्या होत्या. बाईंनी वस्तरा बॉनेटवर ठेवला, उस्तादांनी तो उचलला, आणि दोघी गाडीत काचा वर करून बसल्या. परीक्षा आत होणार होती आणि बाईंना आत जाता येत नव्हतं. त्यांच्या वतीनं माझा गाल गेला.

उस्तादांनी दाराला बंदची पाटी लावली. आज गिऱ्हाईक नाही, मेहमान, असं मला सांगून खुर्चीत बसवलं. वस्तरा औषधाच्या पाण्यातून काढला, उजेडात धरला, पट्ट्यावर दहा-बारा हात मारले. मग स्वतःच्या पांढऱ्या दाढीची गालावरची कड त्यांनी एकाच ओढीत साफ केली आणि आरशात बघत राहिले. मला वाटलं काहीतरी बिनसलं. त्यांनी माझ्या गालावर साबण चढवला आणि वस्तरा टेकवला. तेव्हा तो आवाज आला. इतकी वर्षं बाई दाराशी उभ्या राहून ज्याची वाट बघायच्या तो, एकसारखा, कुठेही न फाटलेला. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात. मला गालावर काही जाणवलंच नाही. मी काचेतून गाडीकडे पाहिलं. बाई स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत होत्या. आत बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

उस्तादांनी मला अर्धवट ठेवलं, खांद्यावर टॉवेल तसाच, आणि वस्तरा घेऊन ते बाहेर गेले. एका गालावर साबण घेऊन मीही मागोमाग. बाई खाली उतरल्या. उस्तादांनी हात छातीवर ठेवला.

"ज़िंदा है, उस्ताद," ते म्हणाले. बीबीजी म्हणाले नाहीत.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. उस्ताद मग गाडीत बसलेल्या माईंकडे वळले, "अम्माजी, आपकी बहू ने कमाल कर दिया." माईंचं हिंदी मिरजेचं. काच खाली करून त्या ठणकावून म्हणाल्या, "बहू तो है ही. हमारे घर का कारागीर है वो."

तेव्हा बाई मला म्हणाल्या, "सबनीस, आता खलास."

आठवड्यानं फोटो आला. फेटा बांधलेला नवरदेव, गाल तुळतुळीत, आणि शेजारी वस्तरा उंच धरलेले उस्ताद. तो फोटो मी कंपनीत फोरमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवला, जणू धार मीच लावली होती.

यंदा माझी बदली पुण्याला झाली. सामान कंटेनरमध्ये गेल्यावर निघायच्या आधी मी शेवटचा त्यांच्या घरी गेलो, तो दिवस नेमका खंडेनवमीचा होता. पाट बाल्कनीतच मांडला होता. मध्यभागी ते तीन दगड आणि नवा जमवलेला एक वस्तरा, उघडा. माईंनी ओलं कुंकू बोटावर घेतलं, पात्यापर्यंत नेलं आणि थांबल्या. "इथे नको गं बाई. दगडालाच लावते."

कारखानीसबाई नैवेद्याची वाटी घेऊन येत होत्या. वाटी खाली ठेवून त्यांनी माईंचं मनगट हलकेच धरलं आणि बोट धारेवर आणलं.

"लावा माई. पात्यालाच लावा. धार मी परत आणते."

माईंनी बोट टेकवलं. बाईंनी हात जोडले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सबनीस, विमान परवा आहे ना? तोवर दाढी करू नका."